छप्पर उतरवण्याआधी

(बांधकाम मजूर व सफाई कामगार स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळपासून आपण मजुरी, पाळणाघर आणि कल्याण मंडळाची नोंदणी यांवर बोललो. आता मला अशा एका वस्तूबद्दल बोलायचे आहे, जी इथे बसलेल्या बहुतेक जणींनी डोक्यावरून वाहिली आहे. आपण तिला सिमेंटचा पत्रा म्हणतो. शाळेची शेड, मंडई, एस.टी. स्टँड, रेशनचे गोदाम, जुनी गिरणी, कुठेही वर पाहा, करड्या रंगाचा, नागमोडी पन्हाळीचा हा पत्रा दिसतो. त्याचे पूर्ण नाव ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा.

हा विषय आजच काढण्याचे कारण तुम्हाला ठाऊक आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या भागातल्या दोन शाळांची आणि मंडईची छपरे बदलण्याचे घाटते आहे. जुना पत्रा उतरवून नवा बसवायचा आहे. हे काम आपल्यातल्याच काही जणींना मिळेल. मिळावेच. पण ते कसे होणार, हे आधी ठरले पाहिजे.

ॲस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारे खनिज आहे. दगड असूनही ते कापसासारखे पिंजता येते, त्याचे सूत काढता येते. ते जळत नाही, कुजत नाही आणि स्वस्त पडते. म्हणून सिमेंटमध्ये साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉस मिसळून पत्रे आणि पाइप तयार होतात. जुन्या कारखान्यांत, इस्पितळांत, मोठ्या कचेऱ्यांत ते आणखी वेगळ्या रूपांत सापडते. बॉयलरभोवतीचे आणि वाफेच्या नळांवरचे जाड वेष्टण, आगीपासून बचावासाठी तुळयांवर फवारलेला थर, छताखालचे बोर्ड, ही ती रूपे.

त्याचे तंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ते हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे फुफ्फुसात खोल जाऊन बसतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यातून फुफ्फुस निबर होत जाते, त्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. फुफ्फुसाचा कर्करोग होतो. फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणाचाही कर्करोग होतो, त्याचे नाव मेसोथेलिओमा. हे आजार लगेच होत नाहीत. धूळ आज नाकात गेली तर आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतो. तोवर ठेकेदार बदललेला असतो, इमारत पाडलेली असते आणि बाई गावी परतलेली असते. तिथे डॉक्टर तिला खोकला किती दिवसांचा आहे ते विचारतात, पण तरुणपणी काय काम करत होतीस, हे क्वचितच विचारतात. टीबी समजून औषधे चालू राहतात. सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. कामाच्या ठिकाणी शरीरात गेलेल्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात, असा तिचा अंदाज आहे.

हे ऐकून घाबरून जाऊ नका. आपल्यातल्या कित्येकींच्या घरावर हाच पत्रा आहे. धड असलेला, न तुटलेला पत्रा डोक्यावर आहे म्हणून उद्या कुणी मरत नाही. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा फोडला, कापला, ड्रिलने भोक पाडले, ग्राइंडर लावला, घासला, किंवा तो जुना होऊन भुसभुशीत झाला, की तंतू सुटतात. म्हणून जाणकार सांगतात की ॲस्बेस्टॉस चांगल्या स्थितीत असेल तर त्याला हात लावू नका, त्याची नोंद करा, त्यावर लक्ष ठेवा. काढायचाच झाला तर नीट काढा. वाईट तऱ्हेने काढण्यापेक्षा तो आहे तिथे राहू देणे बरे.

आता आपल्याकडे छप्पर कसे उतरते ते आठवा. गंजलेला बोल्ट निघत नाही, म्हणून वरचा मिस्त्री हातोडा घालतो. पत्रा खाली फेकला जातो आणि फुटतो. मिस्त्री वर, मोकळ्या हवेत असतो. खाली बिगारी बाया असतात. त्या तुकडे घमेल्यात भरतात, डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेतात आणि शेवटी कोरड्या खराट्याने जागा झाडतात. जवळच मूल खेळत असते. संध्याकाळी तेच लुगडे नेसून बाई घरी जाते आणि आपल्यासोबत नवऱ्याचेही कपडे झटकून धुते. सगळ्यांत कमी मजुरी जिला, तिच्या वाट्याला सगळ्यांत जास्त धूळ. वादळातही हेच होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा घरांची, शाळांची छपरे उडाली. अशा वेळी फुटक्या पत्र्यांचा खच झाडायला खराटा कुणाच्या हाती येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

मैत्रिणींनो, बायांचा आणि या धुळीचा संबंध फार जुना आहे. १८९८ साली इंग्लंडमध्ये लूसी डीन नावाच्या कारखाना निरीक्षक स्त्रीने सरकारी अहवालात लिहिले होते की ॲस्बेस्टॉसचे कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखे टोकदार दिसतात आणि ते कामगारांना अपाय करतात. तिचे म्हणणे कागदावर राहिले. १९२४ साली रॉचडेल गावात नेली कर्शॉ ही ॲस्बेस्टॉसचे सूत काढणारी कामगार बाई ३३ व्या वर्षी वारली. कंपनीने भरपाई नाकारली. तिच्या फुफ्फुसांची तपासणी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि या आजाराकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. १९३१ साली तिथे नियम झाले, पण ते कारखान्यापुरतेच. इमारतीत हा माल बसवणारे आणि काढणारे नियमाबाहेर राहिले. १९६५ साली लंडनमध्ये मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काही बायांनी कारखान्याची पायरीही चढलेली नव्हती. त्यांनी नवऱ्याचे कामाचे कपडे धुतले होते, एवढेच.

आपल्याकडेही कायदा कारखान्याच्या फाटकाशी अडला. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या बाजूने महत्त्वाचा निकाल दिला. आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात म्हटले. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर ठेवा, असा आदेश दिला. निकाल मोलाचा आहे. पण त्याचा रोख खाणी आणि कारखाने यांवर होता. नाक्यावरून आज या, तर उद्या त्या साइटवर जाणाऱ्या बाईची नोंद कोण ठेवणार? आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणे १९८६ मध्येच थांबले. माल मात्र परदेशातून येतच राहिला आणि पत्रे बनतच राहिले. ब्रिटनने १९९९ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर चालूच आहे.

बंदी घातली की प्रश्न संपतो, असेही नाही. आधी बसवलेला माल इमारतींत राहतोच. ब्रसेल्स शहरात युरोपीय आयोगाचे बर्लेमाँ नावाचे मुख्यालय आहे. तिथे फवारलेला ॲस्बेस्टॉस सापडला म्हणून १९९१ मध्ये सगळी इमारत रिकामी केली. काम होऊन कचेरी परतायला २००४ साल उजाडले. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने प्रत्येक शाळेची तपासणी करून आराखडा ठेवणे आणि दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणे बंधनकारक झाले. ब्रिटनमध्ये कचेरी, दुकान, शाळा, इस्पितळ यांची देखभाल ज्याच्याकडे असेल त्याने ॲस्बेस्टॉस कुठे आहे ते शोधायचे, नोंदवहीत लिहायचे आणि तिथे काम करायला येणाऱ्याला ती वही दाखवायची. हे २००४ पासून सक्तीचे आहे. मला हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. भिंतीला हात लावण्याआधी त्या भिंतीत काय आहे ते मजुराला सांगायचे. आपल्याकडे इमारतींसाठी अशी सक्ती नाही.

मग आपण काय करायचे? "ताई, मी नको म्हटले तर नाक्यावर दुसरी उभीच आहे," असे तुमच्यातली एक जण मघाशी म्हणाली. तिचे म्हणणे खरे आहे. एकेकटीने काम नाकारून पोट भरत नाही. म्हणूनच हे काम टेंडर निघण्याआधी अडवायला हवे. शाळा आणि मंडई सार्वजनिक आहेत, तिथला मालक आपल्याला विचारता येतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्यातल्या ज्या समितीवर आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. मंडईसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकू: पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे का, तपासला का, उतरवून कुठे नेणार? नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, हल्ली ॲस्बेस्टॉसविना पत्रेही मिळतात. म्हणून प्रयोगशाळेत तपासेपर्यंत जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचाच धरायचा.

आणि टेंडरमध्ये या गोष्टी लिहून घ्यायच्या:

एक. काम शाळा बंद असताना व्हावे. मुले आणि काम नसलेली माणसे आवारात नकोत. मजूर बायांच्या मुलांची दुसरीकडे सोय करावी.

दोन. पत्र्यावर कुणी पाय ठेवू नये. जुना पत्रा वजनाने फुटतो आणि माणूस थेट खाली येतो. फळ्या, शिडी किंवा परात बांधूनच काम व्हावे.

तीन. आधी पाण्याचा हलका फवारा मारून पत्रा ओला करावा, जोराचा झोत नको. बोल्ट कापून किंवा सोडवून पत्रा अख्खा काढावा आणि दोराने खाली उतरवावा. हातोडा आणि ग्राइंडर बंद.

चार. कोरडा खराटा बंद. तुकडे ओले करून उचलावेत, जागा ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकीही त्याच कचऱ्यात जावीत.

पाच. सूक्ष्म धूळ अडवणारे, चेहऱ्यावर घट्ट बसणारे मास्क आणि कामाचे कपडे ठेकेदाराने द्यावेत. पदर किंवा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. कपडे साइटवरच राहावेत, आंघोळीला पाणी मिळावे आणि त्या वेळेची मजुरी मिळावी.

सहा. पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, वर नाव लिहून घातक कचऱ्याच्या केंद्रावर न्यावेत. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रे आहेत. राडारोड्यात मिसळणे आणि भंगारात विकणे बंद.

सात. कामावर असलेल्या प्रत्येक बाईचे नाव, तारखा आणि काय हाताळले याची लेखी नोंद व्हावी आणि तिची एक प्रत त्या बाईला मिळावी.

सहाव्या मुद्द्यावर तुमच्यात कुजबुज झाली, ती मी ऐकली. उतरवलेला पत्रा फुकटात किंवा थोड्या पैशांत मिळतो आणि पावसाळ्याआधी तो घरावर घालता येतो. गरिबाला ते परवडते, हे मी नाकारत नाही. पण आधीच फुटत आलेला पत्रा आपण कापणार, भोके पाडणार आणि त्याच्याखाली चूल मांडणार. शाळेतून काढलेला धोका आपल्याच घरात यायचा. घराच्या छपरासाठी वेगळे भांडावे लागेल आणि तेही आपण भांडू.

या सगळ्याने खर्च वाढेल, असे अधिकारी म्हणतील. वाढेलच. आजवर तो खर्च वाचत होता, कारण तो आपल्या फुफ्फुसांतून वसूल होत होता. पत्रे वाहण्याच्या मजुरीत त्याचा हिशेब कुणी धरला नाही. आता तो टेंडरच्या कागदावर, आकड्यात लिहिला जाऊ दे.

सातव्या मुद्द्याचे कागद मात्र आजपासूनच जपायला लागा. कुठे, कधी, कोणाकडे काम केले ते वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहवून घ्या. तीस वर्षांनी दम लागला तर डॉक्टरपुढे आणि कोर्टापुढे तीच वही बोलेल. समितीच्या बैठकीला कोण कोण येणार, त्यांनी आत्ताच इथे नावे द्या.