पाणी आधी, चौकशी मागून



दीक्षान्त भाषणाला सहसा मंत्री नाहीतर शास्त्रज्ञ बोलावतात. तुम्ही एका पळणाऱ्याला बोलावलंत, तेव्हा मी पळण्याबद्दलच बोलणार. पुस्तकांतलं तुम्हाला सरांनी पुष्कळ सांगितलंय.

आटपाडीहून दिघंची, महूद आणि पुढं पंढरपूर, हा माझा आवडता रस्ता. वारीत नाही, एकटाच पळतो. एकदा एप्रिलात दिघंचीच्या पुढं ऊन असं लागलं, की पोटऱ्यांत गोळे आले आणि डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. कडेच्या बागेत एक म्हातारी डाळिंबं निवडत बसली होती. मला बघून ती फळं तशीच टाकून रस्त्यावर आली आणि म्हणाली, "कोण गेलं रं, लेकरा?"

भर उन्हात माणूस पळतो तो मयताचा सांगावा घेऊन, हे तिच्या लहानपणापासूनचं गणित. मी म्हटलं, "कुणी न्हाई गेलं आज्जी, हौसेनं पळतोय." तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण तिनं तांब्या भरून आणला, सोबत गूळ आणि मिठाचा खडा. मी पीत असताना दुसरा तांब्या तिनं माझ्या मानेवर ओतला. तेव्हा कुठं मला कडेची निळी बॅरलं दिसली. त्या वस्तीवर पाणी टँकरनं येत होतं. मी सावलीत पाय ताणून बसलो, जरा हुशारी आली, आणि मग तिनं विचारलं, "कुणाचा रं तू?"

हा प्रश्न आपल्याकडं कशासाठी विचारतात, ते या मांडवात सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं तो विचारलाच नाही, असं मी सांगणार नाही. पण पाणी देऊन झाल्यावर विचारला. बाकीचं अंतर मी त्या क्रमाचाच विचार करत कापलं.

कारण याच आटपाडीत 1921 साली शंकरराव खरात जन्मले. त्यांचे वडील तराळकी करायचे. गावाचा सांगावा, सरकारी टपाल, मयताची बातमी घेऊन या गावाहून त्या गावाला जायचं, ऊन असो की रात्र. आपल्या भागातले लांब पल्ल्याचे पहिले धावपटू मी त्यांनाच म्हणेन. त्यांच्या वाटेत बॅरल नव्हतं, आणि विहिरीला हात लावायची सोय नव्हती. पाणी मिळालंच तर वरून ओंजळीत. चौकशी आधी, पाणी मागून, तेही हात राखून. 'तराळ-अंतराळ' हे खरातांचं आत्मचरित्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी पदवी घरी ठेवल्याबरोबर ते वाचायला घ्यावं. त्याच तराळाचा मुलगा पुढं मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि 1984 साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष.

म्हणून रस्त्यावरची माणसं किती भली, असं कुणी डोळे भरून सांगायला लागलं की मी विचारतो, कुणाशी भली? माझ्या अंगात भारी टी-शर्ट होता, पायांत महागडे बूट. परदेशातही हाच प्रश्न पडतो. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांच्या दरम्यान कॉम्रेड्स नावाची सुमारे 90 किलोमीटरची शर्यत असते. आपल्याकडचेही बरेच जण आता तिथं जातात. वाटेवर लोक उकडलेले बटाटे, मीठ, संत्री घेऊन उभे असतात, त्या मायेचं कौतुक परत आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. ही शर्यत 1921 साली सुरू झाली. म्हणजे खरातांच्या जन्माच्याच वर्षी. काळ्या धावपटूंना आणि बायकांना तिचं दार अधिकृतपणे उघडलं 1975 साली. रॉबर्ट मत्शाली हा काळा धावपटू 1935 मध्येच ती पुरी पळाला होता. निकालात त्याचं नाव घेतलं नाही.

तुम्हाला परका माणूस म्हणजे काय हे मी शिकवायची गरज नाही. आटपाडी-खानापुरातल्या किती घरांतला कुणी ना कुणी गलाईच्या धंद्यात आहे! सोनं-चांदी गाळायला आपली पोरं मिसरूड फुटायच्या आत तामिळनाडूत, केरळात, पंजाबात, कोलकात्याला गेली. भाषा येत नव्हती, भट्टीपुरती खोली हवी होती. कुणीतरी अनोळखी घरमालकानं ती दिली, म्हणून इथं माडीची घरं उठली. यंदा तुमच्यातलेही निम्मे पुण्या-मुंबईची एसटी धरतील. पण इथं डाळिंबाच्या हंगामात बाहेरून मजूर येतात, त्यांची भाषा आपल्याला येत नाही. त्यांना आपण खोली देताना आधी काय विचारतो?

आणि मुलींचं वेगळंच. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. गावोगावी तिचे फलक लागले. पण आजही पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या मुलीला पाण्याच्या आधी प्रश्न मिळतात. घरी कोण आहे, एकटीच का, लग्न कधी? मोटारसायकलवाले मागं-मागं येतात ते निराळंच. माझ्याबरोबर सरावाला येणाऱ्या मुली सांगतात, वाटेत पाणी मागायचं तर बाईमाणूस दिसेपर्यंत तहान मारावी लागते.

प्राचार्य महोदय, माझी बिदागी शाल-नारळात न देता एवढं करा. कॉलेजच्या मैदानाचं फाटक पहाटे पाचला उघडायला सांगा, तिथला नळ चालू ठेवा, मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली वॉचमनकडं असू द्या. ओळखपत्र वाटलं तर जाताना बघा. या कॉलेजची मुलगी नसली तरी चालेल.