चौथा अर्ज

आमच्या दारावरची 'पर्सोनेल' ही पाटी जाऊन 'एचआर' आली. रजेचे अर्ज तेच राहिले. एका फिटरची आजी माझ्या टेबलावर तीनदा वारली. १९४८ च्या कारखाने अधिनियमात २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा होती. आज्या किती, ते ठरवलेलं नव्हतं!

चौथा अर्ज आला. "आता कोणती?" मी विचारलं.

"साहेब, ह्या खेपेला खरी."

सगळे हसले. मी अर्ज परत केला. तरी तो गेलाच. दहावं उरकून आला, टोपीखाली गोटा. म्हणाला, "बिनपगारी मांडा, साहेब."

माझे अब्बा वारले तेव्हा मला अर्जसुद्धा करावा लागला नव्हता. मी भरपगारी लिहिलं. त्यानं सही केली, माझ्याकडे पाहिलं नाही.