मेहनत आणि खुराक यांचा जमाखर्च



२०२४ सालीं अहमदनगरचें अहिल्यानगर झालें, आणि त्याच नगरांत वाडिया पार्कवर २ फेब्रुवारी २०२५ रोजीं महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती होऊन पृथ्वीराज मोहोळ यांनीं मानाची गदा पटकाविली. असे सोहळे पाहिले कीं घरोघरचीं मुलें तालमीची वाट धरतात. कोणी पहांटे उठून धांवूं लागतो. ही गोष्ट आनंदाचीच. परंतु पुष्कळदां दोन महिन्यांनीं त्याच मुलाचे गाल बसलेले दिसतात, तो चिडचिडा होतो, त्याचें अभ्यासांत चित्त लागत नाहीं. घरचीं माणसें मात्र "व्यायामानें अंग कसें आटोपशीर झालें!" म्हणून कौतुक करितात. वास्तविक तें अंग कमावलें जात नसून गमावलें जात असतें.

यांत गूढ कांहीं नाहीं. हा साधा जमाखर्च आहे. धांवणाराच्या दर किलो वजनामागें दर किलोमीटरला सुमारें एक उष्मांक खर्च होतो. साठ किलो वजनाचा मुलगा रोज पांच किलोमीटर धांवूं लागला तर तीनशें उष्मांक गेले. जोर, बैठका व झुंजी यांचे आणखी दोनशें धरावे. हे पांचशें उष्मांक ताटांत वाढले नाहींत, तर शरीर ते आपल्या सांठ्यांतून काढतें, आणि आठवड्यास सुमारें अर्धा किलो वजन उतरतें. त्यांत केवळ चरबीच नव्हे, स्नायूहि झिजतात.

"भूक लागेल तेव्हां खाईलच कीं!" असें आई म्हणते. येथेंच चूक होते. कडक मेहनतीनंतर भूक कांहीं काळ मंदावते. तिच्या भरंवशावर राहिल्यास पोट भरल्यासारखें वाटतें, पण तूट तशीच राहते. म्हणून मेहनत वाढली कीं अन्न हिशेबानें वाढविलें पाहिजे.

त्यासाठीं महागडे बदामच हवेत असें नाहीं. नगर जिल्हा ज्वारी-बाजरीचा आणि दुधाचा. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी सुमारें दोनशें उष्मांक देते, तीस ग्रॅम शेंगदाणे एकशें सत्तर, आणि पाव लिटर गाईचें दूध एकशें साठ. बेरीज पांचशें तीस! तूट भरली. मात्र हें एका बैठकीस पोटांत कोंबूं नये. पहांटे मेहनतीपूर्वीं केळें किंवा गुळाचा खडा, मेहनत संपल्यावर तासाभरांत भरपेट न्याहारी, दुपारीं व रात्रीं नित्याचें जेवण, निजतांना दूध, अशी वांटणी करावी. स्नायूंच्या भरणीसाठीं शरीराच्या दर किलोमागें रोज सव्वा ते दोन ग्रॅम प्रथिनें लागतात. तीं डाळ, उसळ, दूध, अंडीं यांतून मिळवावीं.

हिशेब बरोबर आहे कीं नाहीं हें तराजू सांगतो. आठवड्यांतून एकदां, सकाळीं शौचानंतर आणि कांहीं खाण्यापूर्वीं वजन करून तें वहींत मांडावें. मेहनतीनंतर लगेच घटलेलें वजन हें बहुतेक घामाचें असतें. तें जमेस धरूं नये. दोन-तीन आठवडे कांटा उतरतच राहिला, तर ताट वाढवावें. वारंवार आजारपण येणें, दुखापत लवकर न भरणें, मुलींची पाळी चुकणें हीं अपुऱ्या अन्नाचीं लक्षणें असूं शकतात. अशा वेळीं डॉक्टरांस दाखवावें.

सातारा जिल्ह्यांतील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ५२ किलो गटांत लढून सहावे आले; १९५२ सालीं हेलसिंकीस ५७ किलो गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. वजन वाढलें म्हणूनच पदक मिळालें, असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु चार वर्षांच्या मेहनतीनें तो देह झिजला नाहीं, एवढें खास. ज्या घरानें मुलास तालमींत धाडिलें, त्यानें मुदपाकखान्याचा हिशेबहि त्याच दिवशीं नव्यानें मांडावा.