जरी, तरी आणि बट



मी कारखान्यात नव्या पोरांना कामापुरतं इंग्रजी शिकवतो. बहुतेक पोरं मराठी माध्यमातली. आपल्याला एबीसीडी पाचवीत भेटली, 2000 सालापासून ती पहिलीतच भेटते. चुका मात्र त्याच.

"ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट." आठवतं? बाई 'बट'वर लाल रेघ मारायच्या आणि पुढच्याच तासाला मराठीचे सर 'जरी'नंतर 'तरी' नाही म्हणून अर्धा मार्क कापायचे! दोघांचंही बरोबर. मराठीत जरी-तरी, जेव्हा-तेव्हा जोडीनं नांदतात. इंग्रजीत बहुधा एकावर भागतं. 'ऑलदो'सोबत 'स्टिल' किंवा 'येट' चालेल, 'बट' नाही. पोरांना हे कळलं की त्यांचा चेहरा खुलतो. आपण ढ नाही, मराठीत विचार करतोय, एवढंच.

तसंच 'की'चं. 'त्यानं विचारलं की तू कुठं राहतोस' याचं हमखास 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर...' होतं. प्रश्नशब्द आला की 'दॅट'ची गरज नाही.

पण मला खरी धास्ती 'अनलेस'ची. एका वर्कशॉपमध्ये (नाव नको) पाटी रंगवली होती : "अनलेस द व्हॉल्व्ह इज नॉट क्लोज्ड, डू नॉट स्टार्ट द मशीन." लिहिणाऱ्याच्या मनात होतं, 'जोपर्यंत व्हॉल्व्ह बंद होत नाही, तोपर्यंत मशीन सुरू करू नका.' मराठीला तो 'नाही' लागतोच. 'अनलेस'च्या मात्र पोटातच नकार असतो. त्यात आणखी 'नॉट' घातला की अर्थ उलटा : व्हॉल्व्ह उघडा असेल तरच मशीन सुरू करा! एका जुन्या फिटरनं ते वेळेत पाहिलं. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण रोज इंग्रजी पाट्या वाचून कान तयार झालेला.

आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी शिकली. मीही तेच करतो, मराठी आणि इंग्रजी वाक्यं शेजारी-शेजारी लिहितो. परवा फळ्यावर दिलं : 'मार्केटयार्डात जाऊन, भाजी घेऊन, अप्परच्या बसनं घरी आलो.' मराठीत एकही उभयान्वयी अव्यय नाही, सगळी कामं 'ऊन' करतो. पोरांनी दर क्रियापदापुढं 'अँड' ठोकला. इंग्रजीत आधी स्वल्पविराम आणि शेवटच्या क्रियापदाअगोदर एकच 'अँड' पुरतो.

ती पाटी दुसऱ्या दिवशी पुसली. नव्या पाटीवर 'नॉट' एकदाच आहे, आणि खाली तेच वाक्य मराठीतही रंगवलंय, फिटरच्या आग्रहावरून.