मात्रेचा हिशेब

मराठीत ‘मात्रा’ हा शब्द दोन ठिकाणी कामाला येतो. कवी मात्रा मोजतात आणि वैद्यही मात्रा मोजतात. कवितेत लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. औषधात मात्रा म्हणजे एका वेळी द्यायचा भाग. मी बी.ए. झालो मराठी घेऊन आणि पुढे कविता, गझला लिहीत राहिलो, त्यामुळे पहिल्या मात्रेशी माझा घरोबा जुना. दुसरीची ओळख घरच्या आणि शेजारच्या आजारपणांनी करून दिली. ओळीत एक मात्रा चुकली तर ओळ लंगडते. औषधात चुकली तर माणूस आडवा होतो. म्हणून आज अगदी लहान मापांविषयी बोलतो : मिलिलिटर, सीसी, मायक्रोलिटर.

आमच्या पेण-रोह्याकडे जुनी माणसं भात पायलीने मोजायची. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तेलाला पावशेर, नवटाक, छटाक. सगळा हिशेब अर्ध्याच्या अर्ध्याचा, तोंडी करायला सोपा. पण त्याहून बारीक काही मोजायचं झालं की हातावर भिस्त. बाळगुटी आठवा. सहाणेवर वेखंडाचे इतके वेढे, हिरड्याचे इतके, असं आजी सांगायची. वेढे मोजलेले असत, पण दाब कुणी मोजायचा? आजीचा वेढा आणि नव्या सुनेचा वेढा सारखा कसा असेल? अत्तराच्या दुकानात १२ मिलिलिटरच्या कुपीला अजून तोळा म्हणतात. तोळा खरं तर वजनाचं माप, पण अत्तरात थोडं इकडेतिकडे झालं तर कुणाचं बिघडत नाही. औषधात बिघडतं.

दशमान पद्धतीशी रोह्याचं एक नातं आहे. चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. ते देशाचे अर्थमंत्री असताना, १९५५ साली, नाण्यांचा दुरुस्ती कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे आले. वजन-मापांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-छटाक गेले आणि किलो-लिटर आले. दहाच्या पटीची सवय आपल्या हाताला पैशांनीच लावली.

या पद्धतीत खाली उतरायचा नियम एकच आहे. एका लिटरचे १००० मिलिलिटर, एका मिलिलिटरचे १००० मायक्रोलिटर, एका मायक्रोलिटरचे १००० नॅनोलिटर. दर पायरीला तीन शून्यं. खाली उतरताना हजाराने गुणायचं, वर चढताना हजाराने भागायचं. अंदाज यावा म्हणून सांगतो : पाण्याचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा. नवजात बाळाला बीसीजीची लस देतात ती ०.०५ मिलिलिटर, म्हणजे तेवढीच. पोलिओचे दोन थेंब म्हणजे सुमारे ०.१ मिलिलिटर, अर्थात १०० मायक्रोलिटर. एवढ्याशा ऐवजाने या देशातला पोलिओ हटला. २०११ च्या जानेवारीत शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ साली देशाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला.

आता गफलतीची जागा. एका सेंटिमीटरचे १० मिलिमीटर, हे शाळेतलं पोरही सांगतं. मग एका घन सेंटिमीटरचे घन मिलिमीटर किती? पटकन तोंडात येतं, दहा. लुडोचा एक सेंटिमीटर बाजूचा फासा डोळ्यांपुढे आणा. लांबीत दहा, रुंदीत दहा, उंचीत दहा. म्हणजे १० गुणिले १० गुणिले १०, झाले १०००. हा घन सेंटिमीटर म्हणजेच आपला सीसी, म्हणजेच मिलिलिटर. पाच सीसीची सिरिंज आणि शंभर सीसीची मोटारसायकल, दोन्हीकडे माप तेच. आणि घन मिलिमीटर म्हणजेच मायक्रोलिटर. १९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्या एक किलो पाण्यावरून केलेली होती, त्यामुळे सीसी आणि मिलिलिटर यांत दहा लाखांत २८ भागांचा फरक पडत असे. १९६४ साली जागतिक परिषदेने तोही मिटवला.

पण कागदावर मात्र ही जुळी भावंडं वेगवेगळ्या नावांनी वावरतात आणि लोकांची झोप उडवतात. रोह्याच्या माझ्या एका मित्राच्या मुलाला पावसाळ्यात डेंग्यू झाला. तिथल्या अहवालात प्लेटलेट १,२०,००० लिहिले होते. दुसऱ्या दिवशी मुलाला मुंबईला हलवलं, तिथला अहवाल आला ११८. वहिनींनी तो वाचला आणि मटकन खालीच बसल्या. एका रात्रीत सव्वा लाखावरून एकशे अठरा! प्रत्यक्षात जवळजवळ काहीच उतरलं नव्हतं. पहिला आकडा एका घन मिलिमीटरमागे होता, दुसरा एका लिटरमागे अब्जांत. एका लिटरमध्ये १० लाख मायक्रोलिटर असतात. ११८ अब्जांना १० लाखांनी भागा, १,१८,००० येतात. निरोगी माणसात हा आकडा साधारण दीड ते साडेचार लाख असतो. काही अहवालांत नुसतं ‘हजार प्रति मायक्रोलिटर’ असतं. तिथे शेपटीवाल्या यूसारखं एक ग्रीक अक्षर दिसतं, त्याला म्यू म्हणतात. ते म्हणजेच मायक्रो. उपचार काय करायचे ते डॉक्टर ठरवतील, पण निदान नसती धडकी तरी भरू नये.

धडकी भरायलाच हवी अशी जागा दुसरीच आहे, इन्सुलिनची. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, नाहीतर १०० युनिट. पहिल्या बाटलीतला एक युनिट २५ मायक्रोलिटरचा, दुसरीतला १० मायक्रोलिटरचा. म्हणून सिरिंजही दोन : चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी. पेणला माझी खाला राहते. तिचा मुलगा कुवेतहून येताना बर्फाच्या पिशवीत इन्सुलिनची बाटली घेऊन आला. बाटली शंभरची, घरातल्या सिरिंज लाल टोपणाच्या. खालाचं प्रमाण २० युनिट. लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं की ते होतं अर्धा मिलिलिटर. चाळीसच्या बाटलीतून ते २० युनिट. शंभरच्या बाटलीतून तेवढंच औषध ५० युनिट, म्हणजे अडीचपट. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडायला, जिवावर बेतायला तेवढं पुरतं. सिरिंज संपल्या म्हणून खाला दुकानात गेली आणि सहज बाटली दाखवली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “आजी, या बाटलीला लाल टोपण चालायचं नाही. नारिंगी न्या.” त्या पोराला मी मनातल्या मनात कितीदा सलाम केला असेल!

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचंही असंच आहे. पॅरासिटामॉलचं पातळ औषध साधारणपणे ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असतं. तान्ह्या बाळाचे थेंब असतात ते १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. हिशेब करा, पहिल्यात मिलिलिटरमागे २५, दुसऱ्यात १००. बाटली छोटी म्हणून औषध सौम्य असं आपल्याला वाटतं. असतं ते चौपट तेज. त्यात घरचा चमचा! कुणाचा तीन मिलिलिटरचा, कुणाचा सातचा. औषधासोबत येणारी टोपी किंवा नळी फेकू नये ती याचसाठी, आणि एका औषधाची नळी दुसऱ्याला वापरू नये तीही याचसाठी.

थेंबाला रेघेत बांधायला विज्ञानालाही वेळ लागला. आपल्याकडे नवे पैसे आले त्याच १९५७ साली जर्मनीत मारबुर्गला हाइनरिख श्निट्गर यांनी अंगठ्याने दाबायची मायक्रोपिपेट तयार केली. त्याआधी प्रयोगशाळेत काचेच्या नळीतून तोंडाने द्रव ओढत. २०२० च्या साथीत घशातल्या नमुन्याची जी तपासणी व्हायची, ती मोजक्या मायक्रोलिटरांवरच चाले.

तेव्हा दोन-तीन गोष्टी घरात पाळाव्यात अशी विनंती आहे. आकडा कधी एकटा सांगू नका. ‘वीस दिले’ असं नाही, ‘चाळीसच्या बाटलीतले वीस युनिट दिले’ असं सांगा. अर्धा मिलिलिटर लिहायचा तर आधी शून्य लिहा, ०.५. नुसतं टिंब देऊन ५ लिहिलं आणि टिंब पुसट झालं तर दहापट औषध जाईल. डॉक्टरांनी ‘एक चमचा’ म्हटलं तर न लाजता विचारा, “किती मिली?” आणि अहवाल हातात आला की आकड्याच्या उजवीकडची बारीक अक्षरं आधी वाचा. चष्मा लागत असेल तर लावून वाचा.