घरच्या घरी हेलियमचा फुगा



वसईकराला वारा शिकवावा लागत नाही. शिडाच्या होड्यांनी तो त्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवला आहे. पण आकाशात चढणारा फुगा घरी करायचा म्हटले, की वाऱ्याआधी हिशेब येतो.

हेलियमशी कोकणाचे नाते जुने मानतात. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडात. लॉकियर विजयदुर्गाला आला तो १८९८ च्या ग्रहणासाठी. अभिमान ठेवावा, पण तारीख नीट लावून ठेवावी.

आता हिशेब. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो, तेवढ्याच हेलियमचे ०.१७ किलो. म्हणजे घनमीटरमागे उचल १ किलो. एक मीटर व्यासाचा फुगा अर्धा किलो उचलतो. त्याचे पातळ पॉलिथिनचे कातडे सत्तरएक ग्रॅम भरते. व्यास दुप्पट केला तर कातडे चौपट होते, पण उचल आठपट! मोठा फुगा फायद्याचा तो यामुळे.

कातडे संत्र्याच्या फोडींसारख्या पट्ट्यांत कापतात आणि कडा तापल्या इस्त्रीने सांधतात. हेलियमचे कण इतके बारीक, की सांध्याची एक सुरकुती पुरे. रात्रभरात फुगा मलूल होतो. फुगा वजनाला बांधून तराजूवर ठेवावा. जेवढे वजन घटले तेवढी उचल. आणि तो गच्च भरू नये. सोळा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब दहावा हिस्सा उरतो, आतला वायू कित्येक पट पसरतो.

हेलियम महाग, बाहेरून येणारा. म्हणून हौशी माणसाला मोह होतो तो हायड्रोजनचा. उचल किंचित जास्त, किंमत कमी. पण एक ठिणगी, आणि समोर उभ्या मुलाचा चेहरा! लहानपणी जत्रेत मी असा एक फुगा पेटताना पाहिला आहे. पोळलेला हात घेऊन रडणारा तो पोरगा मला अजून दिसतो. १९५० च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पॉलिथिनचे फुगे स्वतः बनवायला घेतले. पुढे हैदराबादहून ते हायड्रोजन भरून सोडले. पण ती जाणत्या हातांची, शिस्तीची कामे. माजघरात ते धाडस नको.

दुसरी गोष्ट. मुंबईचा विमानतळ आपल्यापासून दूर नाही. परवानगीवाचून फुगा मोकळा सोडू नये. आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून सुटलेले प्लास्टिक शेवटी कोळ्यांच्या जाळ्यातच येणार.

तेव्हा आधी तोलावे, मग विचारावे, मग सोडावे. दोरीला बांधलेला फुगासुद्धा मुलांना पुष्कळ शिकवतो. त्याची दोर हातात असते, आणि जबाबदारीही.