हात हरवले की नाव उरते
(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ, सुईर नदीच्या काठी वॉटरफर्ड नावाचे प्राचीन बंदर आहे. दहाव्या शतकात समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंगांनी वसविलेले हे शहर जगाला ठाऊक आहे ते मात्र काचेमुळे. राजवाड्यांतील झुंबरे, मेजवानीतील पेले, विजेत्यांना दिले जाणारे चषक यांच्याशी या गावाचे नाव जोडले गेले आहे. ३० जानेवारी २००९ या दिवशी तेथील काचकारखान्यातील कामगारांना कळविण्यात आले की उत्पादन बंद होत आहे. कामगार घरी गेले नाहीत. पाहुण्यांना कारखाना दाखविण्यासाठी जे दालन बांधले होते त्यात शिरून त्यांनी ठाण मांडले आणि सुमारे सात आठवडे ते तेथून हलले नाहीत. वेतनाचा आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न तर होताच. पण त्यांची पहिली मागणी होती ती भट्टी विझू देऊ नका, ही.

भट्टीसाठी एवढा आग्रह का? या प्रश्नाच्या उत्तरात या विषयाचे सारे मर्म आहे.

शिशाने काचेला दिलेला नाद

आपल्याकडे स्फटिक म्हटले की स्फटिकाची जपमाळ किंवा देव्हाऱ्यातील स्फटिकाचे शिवलिंग आठवते. तो निसर्गनिर्मित पाषाण असतो. युरोपात ज्याला ‘क्रिस्टल’ म्हणतात ती मात्र माणसाने भट्टीत केलेली काच होय. १६७४ मध्ये लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी या काचेचे पेटंट घेतले. वाळू आणि क्षार यांच्या मिश्रणात शिशाचे ऑक्साईड घातले की काच जड होते, प्रकाश अधिक वाकविते, चाकावर कापण्याइतकी मऊ राहते आणि टिचकी मारताच घंटेसारखी निनादते. मारुतीला चढविला जाणारा शेंदूर ज्या जातीचे द्रव्य, त्याच जातीचे हे द्रव्य. युरोपीय नियमांप्रमाणे २४ टक्के शिसे असेल तरच तिला शिसेयुक्त क्रिस्टल म्हणता येते. वॉटरफर्डच्या जुन्या परंपरेत हे प्रमाण त्याहून बरेच अधिक, जवळजवळ एकतृतीयांश असे.

परंतु केवळ मिश्रणाने पेला घडत नाही. वितळलेला रस लोखंडी फुंकनळीच्या टोकाला गुंडाळून घ्यायचा. तो थंड होण्यापूर्वी, काही क्षणांतच, त्यात श्वास भरायचा. तो पाण्याने ओल्या केलेल्या लाकडी साच्यात फिरवायचा. साचा बीच किंवा पेअर वृक्षाच्या लाकडाचा असतो आणि धगधगत्या काचेशी झुंजताना आठवड्याभरात जळून निकामी होतो. त्यानंतर तयार वस्तू तासन्‌तास सावकाश थंड करावी लागते. नाहीतर आतल्या ताणाने ती आपोआप तडकते. मग येतो पैलू पाडणारा. काचेवर काळ्या शाईने आडव्याउभ्या रेघांची जाळी आखलेली असते. त्यापलीकडे त्याला काही आधार नसतो. नक्षी त्याच्या डोक्यात असते. फिरत्या चाकावर तो पेला धरतो. दाब किती द्यायचा, हे काचेचा आवाज आणि बोटांना जाणवणारा कंप सांगतो. दाब तसूभर अधिक झाला की पेला संपला. वॉटरफर्डमध्ये दोष असलेली वस्तू स्वस्तात विकण्याची पद्धत नव्हती. टप्प्याटप्प्याने सहा वेळा तपासणी होई आणि जिच्यात खोट सापडे ती वस्तू तिथल्या तिथे फोडून पुन्हा भट्टीत टाकली जाई.

एका कराने मारलेली कला

या कारखान्याचा जन्म १७८३ चा. जॉर्ज आणि विल्यम पेनरोझ या व्यापाऱ्यांनी तो काढला. पण काच कशी करायची, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते ज्ञान घेऊन आला जॉन हिल. इंग्लंडमधील स्टाऊरब्रिज या काचनगरीतून तो आला आणि सोबत निवडक कारागीरही घेऊन आला. हिल वॉटरफर्डमध्ये फार काळ टिकला नाही. मालकांच्या घरी झालेल्या बेबनावामुळे १७८६ मध्ये तो निघून गेला. मात्र जाण्यापूर्वी मिश्रणाचे रहस्य त्याने कारखान्यातील कारकून जोनाथन गॅचेल याला लिहून दिले. ज्याच्या हाती ते कागद आले तो कारकून पुढे १७९९ मध्ये कारखान्याचा भागीदार मालक झाला. हस्तविद्येचे मोल किती असते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

हे कारागीर इंग्लंड सोडून आयर्लंडमध्ये का आले? १७४६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून आयर्लंडला काच निर्यात करण्याची बंदी घातली होती. १७८० मध्ये ती उठली. इंग्लंडमध्ये काचेवर वजनाप्रमाणे कर होता; आयर्लंडमध्ये तो नव्हता. जड, खोल पैलूंची काच करणे म्हणूनच आयर्लंडमध्ये परवडत होते. पुढची चार दशके आयरिश काचेच्या वैभवाची ठरली. मग १८२५ मध्ये तोच कर आयर्लंडवरही लादण्यात आला. भट्ट्या एकामागून एक थंडावल्या. १८४५ मध्ये कर रद्द झाला, पण तोवर उशीर झाला होता, आणि त्याच वर्षी बटाट्यावरील रोगाने महादुष्काळाची सुरुवात झाली. १८५१ साली लंडनच्या भव्य जागतिक प्रदर्शनात वॉटरफर्डची काच मांडली गेली. त्याच वर्षी कारखाना बंद पडला. वाहवा लंडनमध्ये झाली आणि टाळे वॉटरफर्डमध्ये लागले.

परदेशी सत्ता एखाद्या देशाचा उद्योग नेहमी तलवारीने मारत नाही. एक कलम, एक करपत्रक पुरते. ढाक्याच्या मलमलीची कहाणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे अधिक सांगण्याची गरज नाही.

शहाण्णव वर्षांनी

१८५१ ते १९४७. मध्ये तब्बल ९६ वर्षे गेली. या काळात आयर्लंडने आपला स्वातंत्र्यलढा लढविला. त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. १९१६ मध्ये लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांनी ज्या होमरूल लीग स्थापन केल्या त्यांचे नावच आयरिश चळवळीतून आले होते. राजकीय स्वातंत्र्याला उद्योगाचा पाया हवा, हा विचारही दोन्हीकडे सारखाच होता. लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला तो १९०८ मध्ये, याच विचाराने.

आयर्लंड स्वतंत्र झाले. पण वॉटरफर्डची काच परत आणायची कशी? कारखान्याची इमारत पुन्हा बांधता येते. यंत्रे विकत आणता येतात. काच फुंकणारा मात्र बाजारात मिळत नाही. शेवटच्या कारागिराबरोबर ती विद्या केव्हाच मातीआड गेली होती. संग्रहालयात जुने पेले होते, पण ते घडविणारे हात गावात उरले नव्हते.

हे हात आले दूरवरून. चेकोस्लोव्हाकियातील काचउद्योजक चार्ल्स बाचिक मायदेशात उद्योगांवर सरकारी ताबा येत असताना आयर्लंडला आला आणि १९४७ मध्ये त्याने वॉटरफर्डच्या बॅलीट्रकल भागात लहानसा कारखाना काढला. आपल्याच देशातील मिरोस्लाव्ह हावेल या तरुण कलाकाराला त्याने बोलावून घेतले. या परक्या तरुणाने सर्वप्रथम काय केले? त्याने डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील जुन्या आयरिश काचेचा अभ्यास केला. प्रत्येक पैलू, प्रत्येक रेघ त्याने कागदावर उतरवून घेतली. बोहेमियाची नक्षी त्याला अवगत होती, ती वॉटरफर्डवर लादणे सोपे होते. पण तो ज्या भूमीत आला त्या भूमीची परंपरा आधी शिकला. १९५२ मध्ये त्याने ‘लिस्मोर’ ही नक्षी रचली. त्याच परगण्यातील एका किल्ल्याचे नाव तिला मिळाले आणि पुढे तीच वॉटरफर्डची सर्वांत प्रसिद्ध ओळख बनली.

बाचिककडे विद्या होती, भांडवल अपुरे होते. १९५० मध्ये कारखाना जोसेफ मॅकग्राथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आयरिश कंपनीकडे आला. मॅकग्राथ हे स्वातंत्र्यलढ्यात लढलेले आणि स्वतंत्र राज्याचे मंत्री राहिलेले गृहस्थ. मध्य युरोपातून उस्ताद आणले गेले आणि त्यांच्या हाताखाली वॉटरफर्डची पोरे बसविली गेली.

घराणे कसे घडते

आपल्याकडे गाण्यात घराणे असते. गुरूसमोर वर्षानुवर्षे बसल्याशिवाय आवाज लागत नाही. वॉटरफर्डमध्ये तेच घडले. मुलगा शाळा संपताच उमेदवारीला लागे. पाच वर्षे उमेदवारी आणि उस्ताद म्हणवून घेण्यासाठी आणखी तीन वर्षे. पैलू पाडणाऱ्याची परीक्षा म्हणजे एक वाडगा. त्या एका वाडग्यावर आजवर शिकलेल्या सर्व प्रकारच्या कापणीचे दर्शन घडवायचे. संधी मोजून तीन. पुष्कळ घरांत बापामागून मुलगा, भावामागून भाऊ भट्टीवर उभा राहिला. जी विद्या पाहुणी म्हणून आली होती ती एका पिढीत गावकरी झाली.

मग वैभव आले. किल्बॅरी येथे विशाल कारखाना उभा राहिला. ऐंशीच्या दशकात तेथे तीन हजारांहून अधिक माणसे काम करीत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेला ९०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा तेथे वॉटरफर्डची सोळा झुंबरे लागली. ज्या राजधानीने कर लादून ही कला मोडली होती, त्याच राजधानीच्या पवित्र वास्तूत तिचा प्रकाश पडला.

नाव राहिले, हात गेले

आणि तरीही २००९ उजाडले. या पतनाला केवळ एक खलनायक नव्हता. मुख्य बाजारपेठ अमेरिका. डॉलर घसरला की नफा घसरे. १९८६ मध्ये प्रसिद्ध चिनीमातीची वेजवूड कंपनी विकत घेतली गेली आणि कर्जाचे ओझे वाढले. १९९० मध्ये चौदा आठवड्यांचा संप झाला. लोकांची राहणी बदलली; लग्नात जड पेल्यांचा संच देण्याची रीत मागे पडली. सर्वांत दूरगामी निर्णय १९९१ चा होता. त्या वर्षी वॉटरफर्डच्या नावाने एक स्वस्त मालिका निघाली, जी आयर्लंडबाहेर तयार होत होती. व्यापाराच्या हिशेबात तो निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी प्रथमच नाव आणि हात एकमेकांपासून वेगळे झाले. वेगळे झालेले नाव विकता येते, हे एकदा कळले की हातांची गरज फक्त खर्चाच्या रकान्यात उरते.

जानेवारी २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अमेरिकेतील एका गुंतवणूक संस्थेने तिचे नाव आणि व्यवसाय घेतला; किल्बॅरीची भट्टी घेतली नाही. कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीत मोठी तूट होती. तीस-चाळीस वर्षे काम केलेल्यांना हाती फारच थोडे मिळेल अशी स्थिती झाली. ते आपल्या सरकारविरुद्ध न्यायालयात गेले आणि एप्रिल २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की दिवाळखोर कंपनीच्या कामगारांच्या निवृत्तिवेतनाला पुरेसे संरक्षण देण्यात आयर्लंडने कसूर केली आहे. २०१४ च्या अखेरीस तडजोड झाली. न्याय मिळाला, पण जवळजवळ सहा वर्षांनी. त्या काळात अनेक कुशल हात दुसऱ्या कामांना लागले.

जून २०१० मध्ये शहराच्या मध्यभागी एक लहान कारखाना पुन्हा सुरू झाला. तेथे आजही काच फुंकली जाते, उस्ताद पैलू पाडतात, पर्यटक पाहतात. २०१५ पासून वॉटरफर्ड हे नाव फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीकडे आहे आणि या नावाची बरीचशी काच स्लोव्हेनियासारख्या मध्य युरोपातील देशांत तयार होते. ज्या मध्य युरोपातून विद्या वॉटरफर्डला आली होती तिकडेच काम परत गेले. तेथील कारागीरही निष्णात आहेत, त्यांचा यात दोष नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने हाताने काच घडविण्याच्या विद्येला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. चेकिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी आणि स्पेन या सहा देशांनी मिळून तो प्रस्ताव मांडला होता. ‘अमूर्त’ या शब्दाचा अर्थ येथे नीट ध्यानात घ्यावा. वारसा पेला नव्हे. पेला घडविणारी जाण हा वारसा.

भट्टी विझू नये म्हणून

काचेची मोठी भट्टी रात्रंदिवस तेवत ठेवावी लागते. एकदा ती थंड झाली की आतली काच गोठते, भट्टीचे अस्तर तडकते आणि ती पुन्हा पेटविणे म्हणजे जवळजवळ नवी बांधणे. वॉटरफर्डचे कामगार म्हणूनच भट्टीसाठी हटून बसले होते. त्यांच्या गावाने ९६ वर्षांची थंड भट्टी एकदा पाहिली होती.

आपल्या गावातही अशा भट्ट्या आहेत. तांबटाची आहे, कुंभाराची आहे, विणकराचा माग आहे. त्यांच्या नावाने महोत्सव भरतात, दुकानांवर त्यांच्या नावाच्या पाट्या लागतात. हे चांगलेच आहे. पण पाटीकडे पाहताना एक प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे : या कारागिराच्या शेजारी आज शिकायला कोण बसले आहे? त्या जागी एखादा मुलगा, एखादी मुलगी बसलेली असेल आणि तिला त्या कामावर घर चालविता येईल असा दाम मिळत असेल, तर परंपरा जिवंत आहे. ती जागा रिकामी असेल, तर कर लादायला परकी सत्ता यावी लागत नाही. भट्टी आपोआप विझते.